नाव घेऊन हाक

भोंगा वाजताच तिने गॅस बंद केला, पॅन्ट्रीच्या दाराला कडी घातली आणि ती ओट्याखाली अंग चोरून बसली. कंपनीत अतिरेकी हल्ल्याचा सराव होता. साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "दार कुणी कितीही वाजवलं, तरी तुमचं नाव घेऊन हाक मारल्याशिवाय उघडायचं नाही."

बऱ्याच वेळाने स्पीकर खरखरला. "सराव यशस्वी! यादीतल्या सगळ्यांना नावाने हाक मारून बाहेर काढलं, सगळे मैदानात सुखरूप पोचले. आत कुणीही उरलेलं नाही." बाहेर टाळ्या पडल्या. ती ओट्याखालीच होती.

मग दार वाजलं. "अहो मावशी, चहा टाका सगळ्यांना!" साहेबांचाच आवाज. एकोणीस वर्षं ती त्यांना न विसरता बिनसाखरेचा देत आली होती. ती उठून दाराशी आली, पण हात कडीवर थबकला. तिने नावाची वाट पाहिली.

"मावशी!"

शेवटी तिनेच कडी काढली.

साहेब हसले. "नाव न घेताच उघडलंत? खरा हल्ला असता तर जीव गेला असता तुमचा."

"मग आता घ्या की नाव, साहेब," ती म्हणाली.

साहेबांची नजर तिच्या गळ्यातल्या कार्डावर गेली. तिथे नुसतं 'पॅन्ट्री' छापलेलं होतं.