आजीचा समुद्र

बोट धक्क्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि तिचा दोर धरायला कोणी पुढे होत नव्हतं.

बोटीवर शिगेनो. त्सुशिमाची, समुद्रात बुड्या मारून पोट भरणारी. तिच्या पायाशी निळे टब, टबांत दोरांना चिकटलेली कोवळी समुद्री रोपं. दर वसंतात ती जपानहून रोपं आणायची आणि कोरियातल्या ह्या जेजू बेटाच्या बुडीवाल्या बाया ती आपल्या खडकांना बांधायच्या. यंदा दोन्ही सरकारांचं कुठल्याशा ओसाड बेटावरून बिनसलं होतं.

"माल उतरवायचा नाही," बंदराचा अधिकारी बू म्हणाला. "वरून हुकूम आहे."

"वर?" बायांची म्होरकी मानवोल रबरी पोशाख चढवून कधीची तयार होती. तिने मान वर केली. "वर मला तर नुसता पक्षी हगताना दिसतोय."

बाया हसल्या. बू हसला नाही. ह्याच गावचा जावई तो. नजर कुठे ठेवावी, त्याला कळेना.

"जावईबापू, ऊन चढतंय. रोपं मरतील."

"मावशी, मी काय करू? माझी नोकरी जाईल."

रोपं जायची होती आजीच्या समुद्रात. किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्याचं हे नाव. खोल जायचा दम सरलेल्या म्हाताऱ्यांसाठी तो राखलेला. तरण्या बाया उपाशी राहतील, पण तिथे हात घालणार नाहीत. आता तिथले खडक चुन्यासारखे पांढरे पडलेत. झाडोरा नाही म्हणून शिंपले नाहीत. आणि ओखवा म्हातारीची चूल त्याच पट्ट्यावर पेटायची.

मानवोलने शिगेनोला हाताने खूण केली: टाक पाण्यात, आम्ही पोहत नेतो. शिगेनोने लगेच टब उचलला.

"मावशी, ती चोरटी आयात ठरेल," बू घाईने म्हणाला. "तुमच्या एकटीवर नाही येणार. सगळ्या गावाचा बुडीचा परवाना जाईल."

कमरेचा शिशाचा पट्टा आवळता आवळता मानवोल थांबली. एकटीचा असता तर तिने तो परवाना त्याच्या तोंडावर फेकला असता. तिने मागे पाहिलं. सगळ्या बाया ओखवाकडे पाहत होत्या.

"नको गं," ओखवा म्हणाली. "तुमची पोरं शिकतायत अजून."

शिगेनोने टब खाली ठेवला. बोट वळली. ती लांब जाईपर्यंत शिगेनो वाकून रोपांवर पाणी शिंपडताना दिसत होती. रोपांची टोकं आत्ताच फिकटली होती.

ओखवा पांढऱ्या खडकांकडे निघाली.

"म्हातारे, कुठे? काय ठेवलंय तिथे?" मानवोलने विचारलं.

"मग घरी बसून भिंत चाटू?"

ती पाण्याखाली गेली. बराच वेळ दिसली नाही. वर आली तेव्हा हातात एक काटेरी गोळा होता, समुद्री झाडोरा खाऊन जगणारा जीव. तसल्या गोळ्यातला पिवळा गर बाजारात सोन्याच्या भावाने जातो. तिने तो धक्क्यावर ठेवून सुरीने फोडला. आत गर नव्हता, थोडं गढूळ पाणी होतं.

तिने अर्धी कवटी दोन्ही हातांनी बूपुढे धरली. पाहुण्यापुढे धरतात तशी.

"घ्या, जावईबापू. आपल्याच देशाचं आहे."