तेरा की तीन

निवृत्तीच्या दिवशी टिपणीस ऑफिसात आले ते खिशात आकडे लिहिलेले जुने पत्ते घेऊनच. एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. सॉफ्टवेअरच्या कामाला किती दिवस लागतील हे पूर्वी सगळे एकदम पत्ता टाकून ठरवायचे. टिपणीस तेरा टाकायचे, रोहिणी सबनीस तीन. मग चहा गार होईपर्यंत एकमेकांची अक्कल काढली जायची.

गेली नऊ वर्षं यंत्रच अंदाज सांगतं. तो चुकत नाही, त्यामुळे बैठक चाळीस सेकंदांत आटोपते. जाण्यापूर्वी एकदा कडकडून भांडावं, एवढीच टिपणिसांची इच्छा होती.

"पाच दिवस," यंत्र म्हणालं. सगळे उठले. टिपणिसांनी टेबलावर तेरा टाकला.

सबनीसबाई दारातून परत आल्या. "तेरा? अहो, जाताना तरी शहाणे व्हा. तीन!"

"तीन दिवसांत तुमचं नुसतं फाइलीचं नाव ठरतं, बाई."

"तुमचं तर तेरा दिवसांतही ठरत नाही!"

तरुण मंडळी आ वासून बघत राहिली आणि दोघं मनसोक्त भांडले. शेवटी दमून, डोळे पुसत टिपणीस उठले, तेव्हा त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं. यंत्राने सकाळीच आखलेल्या वेळापत्रकात एक ओळ होती: 'टिपणीस-सबनीस वाद, अठ्ठेचाळीस मिनिटं.' त्यांनी घड्याळ पाहिलं. बरोबर अठ्ठेचाळीस झाली होती.

टिपणीस पुन्हा खुर्चीत बसले.

"बसा बाई. माझा एक मुद्दा राहिलाय."