राक्षसाची चाल

खुशालरावांनी बिब्बा पुन्हा भलत्याच घरात सरकवला, तेव्हा मोतीरामने हातातला खडू खाली ठेवला.

"खुशालराव, राक्षसाले असं मनानं चालता येत नाई."

"काहून? राक्षस हाय तो."

"असू द्या. पण राणी इथं असली का राक्षस तिथंच जाईन, हे पक्कं पाहिजे. नाईतर खेळणाऱ्यानं हिशेब कशाचा करावा? राक्षस जबर असावा, पण नेमाचा असावा."

लीलाबाई कवडी हातात धरून हसली. खुशालरावांना ते हसू झोंबलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या कुठल्या बोलण्यावर ती अशी हसल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

मोतीराम त्यांचा भाडेकरू. अकोल्यात सरकारी कचेरीत नकाशे काढायचा आणि समोरच्या खोलीत एकटा राहायचा. बायको बाळंतपणाला माहेरी तिवस्याला आहे, असं सांगायचा. ती बायको खुशालरावांनी पाहिलेली नव्हती, त्यामुळे ती असेलच असं त्यांना वाटत नव्हतं.

शाळेच्या प्रदर्शनासाठी तो एक खेळ तयार करत होता. ओसरीच्या फरशीवर खडूने घरं आखलेली, मधेमधे जाड रेघांच्या भिंती. कवडी म्हणजे राणी, बिब्बा म्हणजे राक्षस. राणी एक घर चालली की राक्षसानेही एक घर चालायचं. त्याने गाठलं तर राणी मेली, ती दारातून बाहेर पडली तर सुटली.

खुशालराव कापसाच्या जिनात कारकून होते. खेळ सुरू झाल्यापासून ते भरदुपारी पाणी प्यायला घरी यायला लागले, जसं काही जिनात पाणीच नव्हतं. यायचे तेव्हा मोतीराम कचेरीत असायचा आणि लीलाबाई एकटीच पटासमोर बसलेली असायची. त्याचा त्यांना जास्तच राग यायचा. तो नसतानाही ही त्याच्याच खेळात.

खेळ मोडता येईना, म्हणून ते खेळात शिरले. राक्षसाची बाजू त्यांनी मागून घेतली.

लीलाबाई हुशार होती, हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडत नव्हतं. अमरावतीला जाऊन मास्तरणीचं ट्रेनिंग घ्यायचं तिच्या मनात होतं. तिथली मावशी, पार्बताबाई, ठेवून घ्यायला तयार होती. "तिथं कोणासंग उठशीन-बसशीन, मले काय ठावं?" एवढंच खुशालराव म्हणाले होते. तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

रविवारी तीच म्हणाली, "राणी एकटी काहून? तिच्यासंग एक प्यादं द्या नं." आणि तिने फरशीवर एक चिंचोका ठेवला.

मोतीरामला कल्पना आवडली. "पण मंग नवा नेम लागन. राणी इकडं चालली आन् प्यादं तिकडं, तर राक्षसानं कोणामागं जावं?"

दोघांनी खुशालरावांकडे पाहिलं.

"प्याद्यामागं," ते म्हणाले. त्यांना विचार करावा लागला नाही. "प्यादं धरलं का राणी जाते कुठं?"

"हा नेम पक्का?" लीलाबाईने विचारलं. "मागून बदलान."

"एकदा बोललो ते बोललो."

तिने मान हलवली आणि चिंचोका एक घर पुढे सरकवला.

पुढच्या रविवारी सकाळी मोतीराम इस्त्रीचा सदरा घालून निघाला. हातात पळसाच्या पानातला गजरा होता. तो स्टेशनच्या वाटेला लागला. त्याची पाठ वळते न वळते तोच लीलाबाई पिशवी घेऊन बाहेर आली.

"बजारात जाऊन येते," म्हणाली आणि उलट्या दिशेला वळली.

खुशालराव दारात उभे राहिले. त्यांनी एकदा तिच्या पाठीकडे पाहिलं, एकदा त्याच्या. बजारचा वळसा घेऊन ही स्टेशनावर पोचणार, हे उघड होतं. गजरा कुणासाठी, तेही उघड होतं. त्यांनी चपला अडकवल्या आणि मोतीरामच्या मागे निघाले.

स्टेशनावर ते खांबाआड थांबले. मोतीराम बाकावर बसून होता. लीलाबाई कुठूनही आली नाही. गाडी आली. डब्यातून एक सावळी बाई तान्हं पोर छातीशी धरून उतरली, मागे तिचा भाऊ ट्रंक घेऊन. मोतीरामने सगळ्यांदेखत तिच्या हातात गजरा ठेवला आणि लाजला.

खुशालरावांना हसू की रडू ते समजेना. ते खांबाआडून बाहेर आले.

"अरे, खुशालराव? तुमी इथं?"

"तुमच्याच बिऱ्हाडाले घ्याले आलो," त्यांनी ठोकून दिलं.

मग मोतीराम बायकोकडे वळला. "जयवंता, हे घरमालक बरं."

टांगा खुशालरावांनीच ठरवला. ट्रंक स्वतः चढवली. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. स्टेशनबाहेर त्यांनीही एक गजरा घेतला, बायकोसाठी आयुष्यात पहिल्यांदा. अमरावतीला जाते म्हणाली, तर जाऊ द्यायलाही हरकत नाही, असंही वाटून गेलं. पाहू पुढच्या वर्षी.

वाटेत मागून अमरावतीची एसटी भोंगा वाजवत आली. टांगेवाला बाजूला होईना.

"अरे, घे नं बाजूले," खुशालराव म्हणाले. "जाऊ दे तिले."

गाडी धुरळा उडवत निघून गेली. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि गजऱ्यावर हात धरला.

घरी पोचल्यावर मोतीराम ट्रंक उतरवत राहिला. खुशालराव गजरा पाठीमागे लपवून लगबगीने ओसरीकडे गेले आणि पायरीपाशीच थांबले. फरशीवर ताज्या खडूने पट आखलेला होता. चिंचोका एका कोपऱ्यात, आणि बिब्बा त्याला अगदी खेटून. कवडी पटावर नव्हती. ती उंबऱ्याच्या बाहेर, रस्त्याकडच्या शेवटच्या पायरीवर ठेवलेली होती.