चार बोटांचं अंतर

“सर, परत तुमचा हात पुढे आला,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी स्टॉपवॉच बंद केलं.

“नाही आला.”

“आला. किती वेळा सांगायचं?”

मॅडमचं म्हणणं साधं होतं. तायक्वांदोच्या शिबिरासाठी पोरं निवडायची, तर त्यांना मैदानाभोवती पळवून काय कळणार? किक किती वेगाने जाते आणि दमल्यावरही तशीच जाते का, ते बघायचं. म्हणून दहा सेकंद मारायचं, जरा श्वास घ्यायचा, परत दहा सेकंद, अशा फेऱ्या. पॅडमधलं यंत्र नीट बसलेली किकच मोजायचं. आधीच्या सगळ्यांनी लोखंडी स्टँडवर बांधलेल्या पॅडवर निमूट चाचणी दिली होती. या एका मुलीचे प्रशिक्षक मात्र हटून बसले होते, पॅड मीच धरणार. प्रशिक्षक म्हणजे तिचे वडीलच. सकाळपासून त्यांनी नुसतं डोकं उठवलं होतं.

“लहानपणापासून मीच धरतोय,” ते म्हणाले. “स्टँडवर मारायची तिला सवय नाही.”

“मग सामन्यात समोरची मुलगी काय स्वतःहून पुढे येऊन किक खाणार आहे?”

मुलगी दोघांच्या मधे घामाने निथळत उभी होती. पुढच्या वर्षी ती या वयोगटात बसणार नव्हती. शिबिर मिळालं तर आत्ताच, नाहीतर संपलं. आणि या दोघांचं काही केल्या आटपत नव्हतं.

शेवटी मॅडमनी सरांना भिंतीला पाठ लावून उभं केलं, कोपरसुद्धा भिंतीला टेकवायला लावलं आणि व्हिडिओ काढला. मग मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. सरांनी चष्मा लावून पाहिलं. पाय पोचायच्या आधीच त्यांचं मनगट पुढे जात होतं, दर किकला, न चुकता. ते गेलं नसतं तर किक चार बोटं अलीकडेच संपली असती.

मोबाइल परत देताना सरांनी पोरीकडे बघायचं टाळलं.

“आता स्टँडवर एकदाच,” मॅडम म्हणाल्या. “कमी पडली तर माझ्याशी हुज्जत घालायची नाही.”

“गुडघा वर घे, कंबर पूर्ण फिरव, आणि घाई...” सरांचं सुरू झालंच.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “तुम्ही बाहेर बसा ना जरा.”

असं ती त्यांना आजवर कधी बोलली नव्हती. सरांचा चेहरा लाल झाला. गेले, पण दार आपटून गेले.

बाहेरच्या बाकावर ते पुटपुटत बसले. यंत्र काय, स्टँड काय, सगळा डोक्याला ताप. आतून शिट्टी ऐकू आली आणि मग काहीच नाही, नुसते मॅटवर घासणारे पाय. अख्खी फेरी तशीच गेली. पोरगी हवेत मारत होती, आणि ही आखूड मारायची सवय तिला सरांनीच लावली होती.

दुसरी शिट्टी झाली. थोड्या वेळाने एक ठप्प आवाज आला. परत एक. मग एकामागून एक येतच राहिले. प्रत्येक आवाजाला सरांचा उजवा हात आपोआप पुढे उडत होता. वैतागून त्यांनी तो मांडीखाली दाबला आणि त्यावरच बसून राहिले.

बऱ्याच वेळाने मॅडम दार उघडून बाहेर आल्या.

“काठावर का होईना, आली ती शिबिरात. पण आता तिला थांबवा. वेळ कधीच संपलीय, तरी मारतेच आहे. मला अजून बाकीची पोरं घ्यायची आहेत.”

सर जागचे हलले नाहीत.

“मी आत आलो तर थांबेल,” ते म्हणाले. “मारू द्या.”