नागपूरचा मासा

लटारू चौकीदारानं कमळाबाईची टोपली उलटी केली आणि क्लबातल्या कॅरमबोर्डावर शंभरेक ओल्या गोगलगायी सांडल्या. त्यांत लाल मासा एकही नव्हता.

"नीट बघ," सेक्रेटरी गुणवंतराव म्हणाले. "फडक्याखाली बघ."

लटारूनं फडकं झटकलं. तो कमळाबाईच्याच गावचा. त्याला तिच्याकडं बघवेना. खाणीच्या वसाहतीतले आठ-दहा साहेब आणि त्यांच्या बायका मात्र नवाकोरा रंगीत टीव्ही सोडून हा खेळ बघायला उठून आले होते.

कमळाबाई काचेच्या टाकीपाशी उभी होती. हात कोपरापर्यंत ओले आणि अंगाची नुसती लाहीलाही. माहेर ढिवराचं, सासर ढिवराचं, सारा जन्म तलावात जाळं टाकण्यात गेलेला. तिनं चोरून चोरायचे तर हे बोटाएवढे शोभेचे मासे? आमटीला वासही यायचा नाही त्यांचा!

टाकीत गोगलगायींचा सुळसुळाट झाला, पाण्यातल्या झाडांची पानं चाळणीसारखी झाली, तेव्हा याच गुणवंतरावांनी तिला घरी माणूस पाठवून बोलावून घेतलं होतं. त्यांना सरसकट सगळ्याच मारायच्या होत्या. तिनं त्यांना एकेक हातावर घेऊन दाखवली. या टोकदार शंखाच्या वाळूत फिरतात, घाण खातात, त्यांना राहू द्या. चपट्या, वेटोळ्या शंखाच्या तेवढ्या काढायच्या. पानांखाली चिकटलेली त्यांची बुळबुळीत अंडीही खरवडायची. मग ती रोज भर दुपारी टाकीवर घोंगडं टाकून अंधार करी, आत कोबीचं पान सोडी आणि घटकाभरानं ते पान गोगलगायींसकट अलगद उचलून घेई. निघालेल्या गोगलगायी घरी बदकांना. पंधरा दिवसांत टाकी निम्मी साफ झाली होती.

पण साहेबांना दम कुठला! गुणवंतराव नागपूरहून एक मासा घेऊन आले. वीतभर लांब, अंगावर नारिंगी पट्टा, शेपटीपाशी काळा ठिपका. विलायती जात आहे, गोगलगायींचा फडशा पाडते, असं दुकानदारानं त्यांना सांगितलं आणि त्यांनी सगळ्या क्लबाला. कमळाबाईनं पाहिलं आणि तिला हसूच आलं.

"साहेब, हे तं मरळ होय. आमच्या तलावातली. लहानपणी अशीच रंगीत रायते. हे तुमचा एकबी मासा ठेवत नाई."

त्यावर सगळा क्लब तिच्यापेक्षा मोठ्यानं हसला होता. आता आठवड्यात नऊ लाल माशांचे चार उरले होते.

"बदकांना घातलेस, की स्वतःच खाल्लेस?" गुणवंतरावांनी विचारलं.

"मले काऊन इचारता? तिले इचारा ना!" कमळाबाईनं टाकीकडं हात केला.

"फालतू बडबड नको. टाकीत हात घालणारी तू एकटीच. तुमच्या लोकांना मासा दिसला की राहवत नाही."

तुमच्या लोकांना! दर रविवारी या साऱ्यांच्या घरी ताजा मासा पोचतो तो कोणाच्या जाळ्यातला? आजवर कमळाबाईला कोणी गरीब म्हटलं, अडाणी म्हटलं, तिनं ते ऐकून घेतलं होतं. चोर कोणी म्हटलं नव्हतं. तेही असं चारचौघांत, गावच्या माणसाच्या हातानं टोपली उपडी करून.

तिनं पदर खोचला आणि टाकीत हात घातला. मरळ हातानं धरणं सोपं नसतं, साबणासारखी निसटते. कमळाबाईनं मागून दोन बोटं तिच्या कल्ल्यांत रोवली आणि तिला तडफडत बाहेर काढलं. बायका किंचाळल्या. पाणी थेट टीव्हीपर्यंत उडालं. कॅरमबोर्डावर मरळ आडवी दाबून धरत तिनं अंगठा पोटावरून तोंडाकडं रेटत नेला. मरळीनं जबडा वासला आणि लाल शेपटी बाहेर आली. मागून अर्धवट गळालेला उरलेला मासा.

"घ्या, एक भेटला," कमळाबाई म्हणाली. "बाकीचे चार पचले असतीन."

मरळ तिनं परत टाकीत सोडली. या वेळी कोणी हसलं नाही. गुणवंतरावांनी रुमाल काढून चष्म्यावरचं पाणी पुसलं, काचा उजेडाकडं धरून पाहिल्या, पुन्हा पुसल्या.

"मग हे आधी सांगायचं नाही का?" ते म्हणाले.

कमळाबाईनं खोचलेला पदर सोडून हात पुसले.

"बरं, झालं ते झालं. हा पसारा उचल आणि उद्या वेळेवर ये. अजून निम्म्या गोगलगायी बाकी आहेत."

ती पसारा उचलू लागली. लटारू मदतीला वाकला, तशी म्हणाली, "राहू दे भाऊ. तुले सांगतलं ते तू केलं." बोर्डाच्या चारी भोकांत बोटं घालून तिनं एकूण एक गोगलगाय टोपलीत भरली. मग टाकीपाशी गेली आणि टोपली आत रिकामी केली. गोगलगायी टपटप बुडाल्या, झाडांच्या पानांवर बसल्या. एक टोपलीच्या तळाला चिकटून राहिली होती. तिलाही तिनं नखानं सोडवून पाण्यात टाकलं.

"अगं, अगं, हे काय करतेस!"

"तुमच्या होत्या साहेब. मी काईच नेत नाई. पाहून घ्या."

आणि रिकामी टोपली एकेकाच्या नाकासमोर धरत ती दारापर्यंत गेली.