खताची मूठ

"मुरलेलं खत विष मुठीत धरून ठेवतं गं, कच्च्याच्या बोटांतून ते पिकात गळतं." खड्ड्यातलं शेण वरखाली करताना सासूबाई म्हणायच्या. सायकलींना निकेल चढवणाऱ्या कारखान्याचं हिरवट पाणी तेव्हाही नाल्यातून शेतात झिरपायचं.

त्या गेल्या, शेताचे दोन वाटे झाले. मी माझ्या वाट्यात त्यांच्यासारखंच शेण मुरवत राहिले. दिरांनी आपला खड्डा बुजवला आणि कोंबडीखताची ताजी, वाफाळती ट्रॉली थेट वाफ्यांत ओतली. मी अडवलं तर हसले. "शेण कुजवत बसायला मी काय रिकामटेकडा आहे, वहिनी?" पालक गुडघ्याएवढा आला. दर गुरुवारी माझ्या ओसरीवर एक जुडी टाकायचे, भीक घातल्यासारखी.

आज व्यापाऱ्याने आमच्या दोघांच्या पालकाच्या तपासणीचे कागद आणले. दिरांच्या पानांत भरपूर निकेल, माझ्या पानांत नावापुरतं. नाला तर एकच.

"यंत्र बिघडलं असेल," दीर म्हणाले. मग कागद पुन्हा वाचला. "वहिनी, माझी लेक वर्षभर हेच खातेय."

"नाही, भावजी. शाळेतून ती रोज माझ्याकडे जेवूनच घरी जाते. तुमच्या जुड्या मी शेळीलासुद्धा घातल्या नाहीत, तुमच्या लेकीला कशा घालू?"