शिफारसपत्र

वसईच्या कॉन्रॅडला कॅनडातल्या अल्बर्टात गुरं राखायचं काम मिळालं, त्याला दोन वर्षं झाली. तिथं काम करायचं परमिट वाढवायला मालकाचं पत्र हवं होतं. मालक म्हणाला, "मला कंटाळा येतो. तूच लिही, मी सही ठोकतो."

मग काय, कॉन्रॅडनं स्वतःचं कौतुक करताना हात आखडता घेतला नाही. "कॉन्रॅडशिवाय इथलं काम एक दिवसही चालणार नाही," असं झोकात लिहिलं. परमिट मिळालं, तेही फक्त याच मालकाकडे राबायचं.

जानेवारीत धाकट्या बहिणीचं, लिनेटचं लग्न ठरलं. वडील नव्हते, तिला हात धरून वेदीपर्यंत न्यायचं ते दादानंच. त्यानं तीन आठवड्यांची रजा मागितली.



मालकानं ड्रॉवरमधून ते पत्र काढून त्याच्यापुढे धरलं. "एक दिवसही नाही, असं तूच लिहिलंयस ना?"